मायर : कारभाऱ्याचे आडनाव

मराठी घेऊन एम. ए. करणाऱ्यांना र. पं. कंगले हे नाव 'रस-भाव-विचार' या ग्रंथामुळे परिचित असते. त्याच कंगल्यांनी मुंबई विद्यापीठासाठी कौटिलीय अर्थशास्त्राचे तीन खंड सिद्ध केले. १९६० मध्ये संहिता, १९६३ मध्ये इंग्रजी भाषांतर आणि १९६५ मध्ये विवेचन असा त्यांचा क्रम. या भाषांतराच्या तळटीपांतून एक परकी आडनाव सतत भेटत राहते. कंगले कधी त्याच्याशी सहमत होतात, कधी त्याचा अर्थ नाकारतात, पण त्याला वगळून पुढे जात नाहीत. हा योहान याकोब मायर. अर्थशास्त्राचे त्याचे जर्मन भाषांतर १९२६ मध्ये पूर्ण झाले होते. आम्ही कित्येक वर्षे हे आडनाव 'मेयर' असे वाचत आलो, आणि महानगराच्या मेयरशी त्याचा काही संबंध असेल असे कधी मनातही आले नाही. संबंध आहे, आणि तो गमतीचा आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात राजाच्या खाशा जमिनीची शेती पाहणारा सीताध्यक्ष येतो. त्याने बियाणे केव्हा गोळा करावे, मजूर कोणते लावावेत, पाऊस कसा मोजावा, हे सारे कौटिल्य तपशिलाने सांगतो. या सीताध्यक्षाला मध्ययुगीन जर्मन भाषेत एखादे नाव द्यायचे झाले, तर ते 'मायर' असेच द्यावे लागेल. भाषांतरकाराच्या स्वतःच्या आडनावाचा अर्थ त्याच्या समोरच्या पोथीत पानोपानी पसरलेला होता.

शब्दाचे मूळ लॅटिन 'मायोर' या रूपात आहे. 'थोर, मोठा' या विशेषणाचे हे तरवाचक रूप. म्हणजे 'अधिक मोठा'. फ्रँक राजांच्या दरबारी 'मायोर दोमुस', म्हणजे घराण्याचा मुख्य कारभारी, हे पद होते. या पदावरच्या एका घराण्याने इ. स. ७५१ मध्ये धन्यालाच बाजूला सारून राजपद घेतले. शार्लमेन हा त्याच घराण्यातला. (पेशवाई आठवणाऱ्या वाचकाला येथे थांबावेसे वाटेल, पण आमच्याकडे कारभाऱ्याने छत्रपतिपद घेतले नाही, हा फरक लहान नव्हे.) पुढे याच लॅटिन शब्दापासून फ्रेंचमध्ये 'मॅर' आणि इंग्रजीत 'मेयर' हे नगरप्रमुखवाचक शब्द झाले. जर्मन प्रदेशात मात्र तो शहरात न जाता शेतात उतरला.

तो कसा उतरला याचा एक सुंदर पुरावा उपलब्ध आहे. इ. स. ८०० च्या सुमारास राजाच्या खासगी वतनांची व्यवस्था सांगणारा एक हुकूमनामा निघाला. तो 'कापितुलारे दे विलिस' या नावाने ओळखला जातो. त्यात गावोगावच्या मायोरांविषयी दोन कलमे आहेत. एका कलमाप्रमाणे मायोराकडे एका दिवसात फिरून पाहता येईल इतकाच मुलूख असावा. दुसऱ्याप्रमाणे मायोर बलाढ्य माणसांतून नेमू नयेत, मध्यम स्थितीतल्या विश्वासू माणसांतून नेमावेत. राज्यकर्त्याला कारभाऱ्याची गरज असते आणि भीतीही असते, हे या दोन कलमांत जितके स्वच्छ दिसते तितके मोठमोठ्या इतिहासग्रंथांतही क्वचित दिसते. ज्या घराण्याने कारभारीपदावरून सिंहासन मिळवले, त्याच घराण्याच्या हुकूमनाम्यात ही खबरदारी यावी, यात आश्चर्य नाही.

मायरचे काम पुढील तीन-चार शतके साधारण असे होते. सरदाराचे किंवा मठाचे एक मुख्य शेत आणि त्याभोवती लहान कुळांच्या जमिनी. कुळांनी ठरावीक दिवस मुख्य शेतावर राबायचे, धान्य व कोंबड्या भरायच्या; त्याचा हिशेब मायरने ठेवायचा आणि तो स्वतः मुख्य शेतावर राहायचा. बाराव्या-तेराव्या शतकांत ही व्यवस्था मोडू लागली. मालकांना वेठीपेक्षा ठरावीक खंड सोयीचा वाटू लागला आणि त्यांनी मुख्य शेत मायरलाच खंडाने दिले. म्हणजे पूर्वीचा अधिकारी आता मोठा कुळवाडी झाला. वायव्य जर्मनीत, विशेषतः आजच्या लोअर सॅक्सनीत, या नात्याचा एक स्वतंत्र कायदाच तयार झाला. जमीन मालकाची, पण कसण्याचा हक्क वंशपरंपरेने मायरचा. शेताचे तुकडे करायचे नाहीत. खंड मनास येईल तसा वाढवायचा नाही. शेताच्या आकारावरून पूर्ण मायर, अर्धा मायर अशा प्रती ठरल्या आणि कर त्याप्रमाणे बसू लागला. शेतकऱ्याने रोख रक्कम भरून या बंधनातून मोकळे व्हावे असे कायदे हॅनोव्हर राज्यात १८३० च्या दशकात झाले. म्हणजे मायर हा शब्द एक हजार वर्षे शेतीच्या व्यवहारात जिवंत होता. उत्तर जर्मनीत 'मायराय' हा शब्द दुग्धालयासाठी आजही वापरतात.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या मायरची गाठ एका काव्यात पडते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात वेर्नहेर देर गार्टेनेर नावाच्या कवीने रचलेले 'मायर हेल्मब्रेख्ट' हे पद्यकथानक जर्मन साहित्यात शेतकरी-जीवनाचे फार जुने व निर्दय चित्र मानले जाते. मायर हेल्मब्रेख्टचा मुलगा, त्याचेही नाव हेल्मब्रेख्टच, शेती सोडून सरदार होण्यासाठी निघतो. डोक्यावर भरतकाम केलेली अपूर्व टोपी, अंगावर बहीण व आई यांनी दिलेले कपडे. तो सरदार होत नाही, लुटारू होतो आणि आपल्याच वर्गातल्या शेतकऱ्यांना नागवतो. शेवटी पकडला जातो, त्याचे डोळे काढतात, एक हात व एक पाय तोडतात. तो बापाच्या दारी येतो तेव्हा बाप त्याला घरात घेत नाही. मग ज्यांना त्याने लुटले तेच शेतकरी त्याला फाशी देतात. ती टोपी चिंध्या होऊन मातीत पडते. आमच्या विषयाच्या दृष्टीने या काव्यात एक बारीक गोष्ट आहे. येथे 'मायर' हा शब्द नावाच्या आधी येतो. तो हुद्दा आहे, आडनाव नाही. बाप मायर आहे कारण तो मायरचे काम करतो. मुलाने नांगर सोडला की तो मायर राहत नाही. पुढच्या दोन शतकांत हाच शब्द नावाच्या पुढून मागे सरकला, आणि ज्यांनी नांगराला कधी हात लावला नाही त्यांनाही चिकटून राहिला. आडनाव म्हणून जे आपण ओळखतो ते नेमके या सरकण्याने घडते.

जर्मन आडनावांच्या यादीत पहिल्या दहांत सहसा ही नावे असतात : म्यूलर, श्मिट, श्नायडर, फिशर, वेबर, मायर, वाग्नर, बेकर, शुल्त्स, होफमान. दळणारा, लोहार, शिंपी, कोळी, विणकर, गाडे करणारा, भटारी हे सारे गावचे कारू. मॅक्स म्यूलरने आपले 'मॅक्स' हे नाव आडनावाला जोडून घेतले ते याच गर्दीमुळे. या यादीतले मायर, शुल्त्स आणि होफमान हे तिघे जमिनीच्या कारभारातून आले आहेत. यांची दाटी असण्याचे कारण सोपे आहे. एका गावात पीटर पाच असतील, पण पाणचक्की एक आणि मुख्य शेत एक. 'मायरचा पीटर' म्हटले की ओळख पटते. गावात एकच असलेली गोष्ट देशात सर्वत्र असते, म्हणून जे नाव गावात माणूस वेगळा करते तेच देशात लाखोंचे होते.

या आडनावाच्या लेखनाचा प्रश्न मात्र देवनागरीत नीट सांगता येत नाही, कारण आपण सगळ्या रूपांना 'मायर'च लिहितो. रोमन लिपीत एम नंतर ई लिहायचा की ए, आणि त्यापुढे आय लिहायचा की वाय, असे दोन ठिकाणी दोन-दोन पर्याय असल्यामुळे चार रूपे होतात. उच्चार चारींचा एकच. दक्षिणेत शेवटच्या आरच्या आधीचा ई गाळण्याची प्रथा आहे, त्याने आणखी दोन रूपे वाढतात. त्यामुळे जर्मनीत मायर नावाच्या माणसाने नाव सांगितले की समोरचा 'कोणता मायर?' असे विचारतो आणि अक्षरे मोजून सांगावी लागतात. ही रूपे यादृच्छिक नाहीत. २००५ च्या दूरध्वनी-जोडण्यांच्या आधारे तयार केलेला जर्मन आडनावांचा नकाशासंग्रह २००९ पासून खंडशः प्रसिद्ध झाला. या रूपांचे प्रदेश त्यावरून डोळ्यांनी पाहता येतात. ई-वाय हे उत्तरेचे, ए ने सुरू होणारी रूपे बव्हेरिया, श्वाबिया व ऑस्ट्रियाची, आणि ई गाळलेले आखूड रूप दक्षिण बव्हेरिया, टायरॉल व उत्तर ऑस्ट्रियाचे. ई-आय हे रूप स्वित्झर्लंडमध्ये दाट आहे. दक्षिणेत 'ए'चा आग्रह का? तर तेथील बोलींत जुना संयुक्त स्वर आणि दीर्घ 'ई'पासून नव्याने झालेला संयुक्त स्वर यांचे उच्चार वेगळे राहिले, म्हणून लेखनिकांनी जुन्यासाठी 'ए-आय' राखून ठेवला. भाषाशास्त्राच्या तासाला ध्वनिपरिवर्तन शिकवताना आम्ही कंटाळवाणी उदाहरणे देतो. येथे तेच परिवर्तन घराघराच्या दारावरच्या पाटीवर लिहिलेले आहे.

एल्ब नदीच्या पूर्वेला हे आडनाव विरळ होते. तो प्रदेश नंतर वसाहती करून लागवडीस आणला गेला, तेथे जुन्या मठांची मुख्य शेते नव्हती. गाव वसवणारा मुखिया शुल्त्स आणि जहागिरीची जमीन धरणारा लेमान, ही तेथली नावे. उलट वेस्टफालियात मायर इतके दाट की एकट्या शब्दाने भागेना. मग निडरमायर, ओबरमायर, किर्शमायर, ब्रिंकमायर असे खालचा, वरचा, चर्चजवळचा, टेकाडावरचा असे भेद पडले. तेथे आणखी एक रिवाज होता. आडनाव माणसाचे नसून शेताचे असे. शेताच्या वारस मुलीशी लग्न करून आलेला जावई स्वतःचे नाव टाकून शेताचे नाव घेई. एका मायर घराण्याची वंशावळ मागे मागे नेताना मध्येच रक्ताचा धागा तुटतो आणि नाव तसेच चालू राहते, याचे कारण हे. घरजावयाला आपल्याकडे जो चेष्टेचा सूर लागतो, तो वेस्टफालियाच्या शेतकऱ्याला समजला नसता.

नेदरलँड्समध्ये हे आडनाव 'मेयर'सारखे उच्चारतात आणि बहुधा आय-जे या जोडअक्षराने लिहितात. डच भाषेत हे जोडअक्षर आणि वाय यांची इतकी सरमिसळ आहे की आडनावांच्या गणनेत दोन्ही रूपे एकत्र धरतात. २००७ च्या गणनेत अशी सुमारे ४० हजार माणसे होती, आणि देशातल्या पहिल्या दहा आडनावांत हे बसत होते. यांचे मूळ एक नाही. दक्षिणेत डेन बॉश शहराभोवतीच्या मुलखाला 'मेयराय' म्हणतात, कारण तेथे ड्यूकच्या वतीने न्याय व वसुली पाहणारा मेयर असे. उत्तरेत ग्रोनिंगेनमध्ये कायम खंडाने, न वाढणाऱ्या भाड्याने जमीन धरणाऱ्या कुळाला मेयर म्हणत. दक्षिणेतला वसुली करणारा आणि उत्तरेतला खंड भरणारा! याखेरीज वेस्टफालियातून दरवर्षी गवत कापायला, पीट खणायला, कापड विकायला येणारे लोक होते. त्यांतले बरेच तेथेच राहिले. मेटिंगेन गावच्या कापडविक्यांच्या घराण्यातले क्लेमेन्स आणि ऑगस्ट हे ब्रेनिंकमेयर बंधू अशांपैकीच. त्यांनी १८४१ मध्ये स्नेक गावी जी पेढी काढली, ती पुढे सी अँड ए या नावाने युरोपभर पसरली. आडनाव धारण करणे सर्वांना सक्तीचे करणारा नेपोलियनचा हुकूम नेदरलँड्ससाठी १८ ऑगस्ट १८११ रोजी निघाला. पण तेथल्या बहुतेकांची आडनावे त्याआधीच ठरलेली होती. हुकुमाचा खरा परिणाम झाला तो उत्तरेतल्या पितृनामावर भागवणाऱ्या शेतकऱ्यांवर आणि ज्यूंवर.

येथून या आडनावाची दुसरी कथा सुरू होते, आणि हा लेख लिहावासा वाटला तो तिच्यासाठी. हिब्रू भाषेत 'मेइर' म्हणजे प्रकाश देणारा. दुसऱ्या शतकातल्या एका थोर धर्मवेत्त्याचे हे नाव. आणि तालमूदच म्हणते की ते त्याचे जन्मनाव नव्हे, त्याने विद्वानांचे डोळे उजळले म्हणून ते पडले. जर्मनीतल्या ज्यूंमध्ये हे नाव मोठ्या आदराने ठेवले जाई. तेराव्या शतकात रोथेनबुर्गचा मेइर हा तेथला श्रेष्ठ धर्मपंडित होता. राजा रुडॉल्फने त्याला १२८६ मध्ये कैदेत टाकले. खंडणी भरून सोडवायला समाज तयार होता, पण असा पायंडा पडू नये म्हणून त्याने नकार दिला, अशी परंपरा सांगते. १२९३ मध्ये तो कैदेतच वारला, आणि त्याचा देह चौदा वर्षांनी, १३०७ मध्ये, पैसे मोजून सोडवून वोर्म्सच्या दफनभूमीत पुरण्यात आला. हे मेइर जर्मन बोलीत 'मायर'सारखेच उच्चारले जाई. रोथशिल्ड घराण्याचा संस्थापक मायर आम्शेल (१७४४–१८१२) याचे मायर हे नाव याच परंपरेतले, आडनाव नव्हे. प्रशियाने ११ मार्च १८१२ च्या फर्मानाने ज्यूंना नागरिकत्व दिले, पण कायमचे आडनाव घेण्याची अट घातली. ज्यांच्या बापाचे वा आजोबाचे नाव मेइर होते त्यांनी पुष्कळदा तेच आडनाव केले. बर्लिनच्या एका सधन ज्यू कुटुंबातल्या याकोब बेअर या तरुण संगीतकाराने आजोबांच्या स्मरणार्थ त्यांचे नाव आपल्या आडनावाला जोडले आणि तो मायरबेअर झाला.

लॅटिन कारभारी आणि हिब्रू प्रकाशदाता यांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. पण लिहिताना, उच्चारताना, नोंदवहीत दोघे एकच. मायर नावाचा माणूस समोर आला तर तो लोअर सॅक्सनीतल्या लुथरपंथी शेतकऱ्याचा वंशज की वोर्म्सच्या ज्यूचा, हे त्या नावात कोठेही लिहिलेले नसते. तरीही लोक वाचत असत. प्राग शहरावरच्या 'गोलेम' (१९१५) या कादंबरीचा लेखक गुस्ताव मायरिंक जन्माने गुस्ताव मायर. हे आडनाव त्याला आईकडून मिळाले होते. तो ज्यू नव्हता. पण आडनाव मायर आणि कादंबरीचा विषय ज्यू दंतकथा, एवढा पुरावा त्याच्यावर चिखल उडवणाऱ्यांना पुरला.

दुसऱ्याच्या आडनावावरून आत काय असेल ते ठरवण्याची ही सवय आम्हाला परकी नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. जूनमध्ये नव्या वर्गाची हजेरी घेताना आडनावामागून आडनाव येते आणि आमच्या मनात न विचारता कप्पे उघडत जातात. 'पाटील' आले की काही काळ कोणताच कप्पा उघडत नाही, कारण ते पदाचे नाव; मराठा, आगरी, कोळी, लेवा, लिंगायत, जैन अशा कितीतरी समाजांत आहे. मग आम्ही गाव विचारतो. विद्यार्थ्याला वाटते की सरांना आपुलकी आहे.

जर्मन राज्ययंत्रणेलाही नेमकी हीच अडचण आली, आणि तिने गाव विचारला नाही. ज्यूंना आडनावावरून ओळखावे म्हटले तर मायर, श्टाइन, हिर्श ही नावे ख्रिस्ती लोकांतही होती. मग १७ ऑगस्ट १९३८ च्या आदेशाने वेगळा मार्ग काढला. ठरवून दिलेल्या यादीतले ज्यू नाव ज्यांचे नसेल, त्या प्रत्येक ज्यू पुरुषाने १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावात 'इस्रायल' आणि स्त्रीने 'सारा' जोडावे. आडनाव बोलत नाही म्हणून पाळण्यातल्या नावाला बोलायला लावले. हा आदेश तयार करण्यात ज्या हान्स ग्लोब्केचा हात होता, तो युद्धानंतर १९५३ ते १९६३ पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलरच्या कार्यालयाचा प्रमुख होता. त्याच सुमाराची एक लोककथाही नोंदवण्याजोगी आहे. 'असे झाले तर मी मायर म्हणवून घेईन' हा जर्मन बोलण्यातला जुना पैजेचा प्रकार. शत्रूचे एक विमान जरी रूरवर आले तर मला मायर म्हणा, असे हवाईदलप्रमुख गोरिंग १९३९ मध्ये म्हणाला, असे सांगतात. बॉम्ब पडू लागल्यावर लोक भोंग्याला 'मायरचे शिंग' म्हणू लागले. या पैजेतला मायर म्हणजे कोणीही सोम्यागोम्या, की मुद्दाम निवडलेले ज्यूंचे नाव? दोन्ही अर्थ सांगितले जातात. नावच तसे आहे.

अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या ज्यू वस्तीत, सिनेगॉगांच्या मधोमध, एक चौक आहे. योनास डॅनियल मेयर (१७८०–१८३४) या नेदरलँड्समधल्या पहिल्या ज्यू वकिलाचे नाव त्याला दिले आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी कायद्याचा डॉक्टर झालेला हा माणूस १८१५ च्या राज्यघटना समितीचा सचिव होता. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी जर्मन पोलिसांनी या भागात धाड घालून चारशेहून अधिक ज्यू तरुणांना पकडले, याच चौकात उकिडवे बसवून ठेवले आणि छावण्यांत पाठवले. त्यांतले जेमतेम काही परतले. २५ फेब्रुवारीला गोदी कामगार, ट्रॅमचालक, सफाई कामगार यांनी निषेधार्थ संप केला. शहर दोन दिवस थांबले. व्याप्त सत्तेने पुढे ज्यूंची नावे रस्त्यांवरून उतरवली, तेव्हा या चौकाचे नाव 'लाकूडबाजार' असे झाले. मेयर हे आडनाव तोवर हजारो ख्रिस्ती डच घरांच्या दारांवर होते. तेथे ते कोणी पुसले नाही. युद्ध संपल्यावर चौकाला जुने नाव परत मिळाले. १९५२ मध्ये तेथे मारी आंद्रीसेनने घडवलेला गोदी कामगाराचा पुतळा उभा राहिला, बाह्या वर सारलेला, हात रिकामे. २५ फेब्रुवारीला दरवर्षी लोक त्याच्यापाशी फुले ठेवतात.